‘कळवतो’ म्हणजे कधी?

भोसरीच्या एमआयडीसीत हिशोबाचं सॉफ्टवेअर विकत फिरायचो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. गिऱ्हाइकाचं बजेट कळल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. उघडलास तर तू विक्रेता नाहीस, फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम आहेस. 2017 चा जून होता. 1 जुलैपासून जीएसटी लागणार म्हणून वर्कशॉपवाल्यांची धांदल उडालेली. पण तेवढ्या गडबडीतही लेथच्या आवाजावर आवाज चढवून शेठ पहिलं विचारायचे ते ‘केवढ्याला?’ दुसरं, ‘शिकवायला कोण येणार?’ तिसरा प्रश्न बहुतेक वेळा नसायचाच. कटिंग यायचा, आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत हो की नाही ते कळायचं. ‘नको, आमचे सीए बघतात’ हे त्या महिन्यात मी पोटभर ऐकलं. पण तेवढं सांगायला कुणी मला सात आठवडे बसवून ठेवलं नाही.

सात आठवडे बसवून ठेवलं ते गेल्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतींसाठी, एका सॉफ्टवेअर कंपनीने. काम अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर विकण्याचं, बसायचं पुण्यातच. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण बाणेरपासून खराडीपर्यंत ज्यांनी ज्यांनी हे भोगलंय त्या प्रत्येकाला ही आपल्याच कंपनीची गोष्ट वाटेल.

पहिला फोन एचआरचा. ‘सध्याचा सीटीसी किती? अपेक्षा किती? नोटीस किती?’ (सीटीसी म्हणजे वर्षाचा एकूण पगार.) तीन प्रश्न, दीड मिनिट. मी म्हटलं, ‘मॅडम, या जागेसाठी तुमचा आकडा काय आहे?’ त्या म्हणाल्या, ‘सर, ते आम्ही शेवटच्या टप्प्यावर डिस्कस करतो.’ माझ्या पहिल्या साहेबांनी फोन तिथेच ठेवला असता. मी ठेवला नाही. घराचा हप्ता चालू होता, आणि असलेल्या नोकरीत बदललेला मॅनेजर रोज नवा एक्सेल मागत होता.

मग एक लिंक आली. कॅमेऱ्याकडे बघून 90 सेकंदांत स्वतःबद्दल सांगा, समोर माणूस नाही, कोपऱ्यात आकडे उलटे पळतायत. मग मानसशास्त्रीय चाचणी म्हणून शंभरेक प्रश्न, त्यातले निम्मे एकमेकांचेच जुळे भाऊ. मग मॅनेजरची फेरी. मग रात्री साडेनऊला नकली कोल्ड कॉल, म्हणजे अनोळखी गिऱ्हाइकाला विक्रीचा फोन केल्याचं नाटक, कारण अमेरिकेतला साहेब तेव्हा मोकळा असतो. सिंहगड रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बायकोने कुकर लावायचा थांबवला, मुलीचं कार्टून म्यूट झालं, आणि मी वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा असा पलंगाच्या कडेला बसलो. साहेबांनी कॅमेरा बंद केला आणि म्हणाले, मी दातांच्या दवाखान्यांच्या साखळीची मालकीण आहे, मला वेळ नाही, तुझ्याकडे 30 सेकंद. पुढची दहा मिनिटं ते मालकीण होऊन माझ्यावर खेकसत होते आणि मी शांतपणे त्यांना मीटिंगपर्यंत आणत होतो. शेवटी कॅमेरा चालू करून म्हणाले, ‘चांगलं होतं, पण मला तुमच्यात हंगर दिसली नाही.’ पावणेदहा वाजले होते आणि मी जेवलो नव्हतो.

त्यानंतर असाइनमेंट. दातांच्या साखळी दवाखान्यांची 25 नावं काढा, प्रत्येक ठिकाणी खरेदीचा निर्णय कोण घेतं ते शोधा, त्यांना पाठवायच्या तीन ईमेलची मालिका लिहा, आणि रुजू झाल्यावर पहिले 90 दिवस काय कराल त्याचा आराखडा द्या. गुरुवारी संध्याकाळी आली, सोमवारी सकाळी हवी. दोन रात्री आणि एक आख्खा रविवार गेला. 18 स्लाइड झाल्या. पाच जणांच्या पॅनेलसमोर मांडल्या. पाचांतले एक गाडी चालवत होते, त्यांच्या मागच्या काचेतून चांदणी चौकाचा पूल सरकताना दिसला. दुसऱ्या एकांनी तिसऱ्या स्लाइडवर लिहिलेलंच पुन्हा विचारलं. सगळं संपल्यावर तिसऱ्या म्हणाल्या, ‘पीडीएफ नको, एडिट करता येईल अशी फाइल पाठवाल का?’

मी पाठवली. त्यानंतर ‘कल्चर’ची फेरी झाली, संस्थापकांची 20 मिनिटं झाली, पगाराच्या तीन स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मागून झालं. आणि मग शांतता. मी आठवड्याने विचारलं, ‘आय विल गेट बॅक.’ पुन्हा आठवड्याने विचारलं, निळ्या टिका आल्या. सोळाव्या दिवशी दोन ओळींचा मेल आला की ही जागा सध्या होल्डवर आहे. तीन आठवड्यांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली, तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

हे रडगाणं नाही. नंतर मला दुसरीकडे बरी नोकरी लागली, आणि नकार पचवणं हे तर आमच्या धंद्याचं रोजचं जेवण आहे. माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीची आहे. विक्रीत उमेदवाराला ज्या कसोट्यांवर घासून बघतात, त्यातली एकही कसोटी ही प्रक्रिया स्वतः पार करत नाही. आमच्यात एक जुनी चौकट आहे, आयबीएमच्या विक्रेत्यांपासून चालत आलेली, तिला बँट म्हणतात. बजेट आहे का, समोरच्याला निर्णयाचा अधिकार आहे का, गरज खरी आहे का, आणि मुदत काय. ही चार उत्तरं मिळाली नाहीत तर ते गिऱ्हाईक नाही, टाइमपास आहे, त्याच्यावर कंपनीचा वेळ घालवू नका, हे मला त्या मॅनेजरच्या फेरीत पाठ म्हणून दाखवावं लागलं होतं. आणि मी म्हणून दाखवत असताना समोरच्या कंपनीचं बजेट मला माहीत नव्हतं, सही कोणाची लागते ते मला माहीत नव्हतं, जागा खरंच आहे की नाही ते बहुधा त्यांनाच माहीत नव्हतं, आणि मुदतीचं तर नावच नको.

सरकारी भरतीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. एमपीएससीचे निकाल आणि मुलाखती किती रखडतात ते सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा. पण सरकारी मुलाखतीवर निदान या देशात वाद झालाय, कोर्टकचेरी झालीय. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात 150 पैकी 50 गुण तोंडी मुलाखतीला होते आणि ती मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जायची. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये सांगितलं की मुलाखतीला 15 टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल, आणि शक्य तिथे मुलाखत टेप करून ठेवावी असंही सुचवलं. पुढे 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारने गट ब मधल्या अराजपत्रित पदांपासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, कारण तिथे वशिला चालतो हे सगळ्यांना दिसत होतं. खासगी नोकरीच्या मुलाखतीवर असा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. ‘त्यांची कंपनी, त्यांची मर्जी’ इथे विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये, कारण आज पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यातला मोठा काळ याच मर्जीच्या दाराबाहेर जातो.

आधी असाइनमेंटबद्दल. काम करून दाखवा म्हणण्यात काही चूक नाही, उलट गप्पा मारून माणूस ओळखल्याचा आव आणण्यापेक्षा ते बरं. निवडीच्या पद्धतींवर मानसशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं अभ्यास केलेत. 2022 साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा फेरहिशोब मांडला, तेव्हा सगळ्यात वर आली ती आखीव मुलाखत. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, उत्तरं मोजायची पट्टी एकच, बस. कामाचा नमुना करून घेणंही उपयोगी ठरलं. मनाला येईल ते विचारण्याची मोकळी मुलाखत बरीच खाली गेली. म्हणजे त्या ‘कल्चर’च्या फेरीत मला ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता’ असं ज्यांनी विचारलं, त्यांनी स्वतःचीही 40 मिनिटं वाया घालवली. (मी मुंगूस म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका.) फेऱ्या किती हव्यात याचाही हिशोब झालेला आहे. गूगलने आपल्याच भरतीचे आकडे तपासले आणि चार मुलाखतींत 86 टक्के खात्रीने निर्णय देता येतो, त्यापुढच्या फेऱ्यांनी फारशी भर पडत नाही असं जाहीर केलं. गूगलला जे चारांत कळतं ते 60 माणसांच्या कंपनीला सातांत का कळत नाही?

पण नमुना म्हणजे चमचाभर. शिवाजी मार्केटमध्ये आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो, पेटी घरी पाठवून ‘आवडली तर कळवा’ म्हणत नाही. विक्रेत्याला तपासायचंय तर एक ईमेल लिहून घ्या, समोर बसवून, अर्ध्या तासात. काल्पनिक कंपनी द्या. ज्या क्षणी तुम्ही खऱ्या बाजारातली 25 खरी नावं मागता आणि ती एडिट करता येईल अशा फाइलमध्ये मागता, त्या क्षणी ती परीक्षा उरत नाही, ते काम होतं. कामाला मजुरी असते. माझी यादी त्यांनी वापरली का? मला माहीत नाही, आणि कळायला मार्गही नाही. दुखणं तिथेच आहे. आठ उमेदवार शेवटच्या टप्प्यात आले असतील तर कंपनीकडे आपसूक 200 नावांची, गाळून घेतलेली, निर्णय घेणाऱ्या माणसांच्या हुद्द्यांसकट यादी तयार झाली. बाजारात अशी यादी विकत घ्यायला पैसे पडतात. त्यांना ती ‘पुढच्या फेरीसाठी शुभेच्छा’ एवढ्या भावात पडली.

एक गोष्ट फार थोड्या उमेदवारांना माहीत असते, म्हणून सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं की लिहिणारा हाच पहिला मालक. नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालकी मालकाकडे जाते. उमेदवार हा नोकर नाही. त्यामुळे वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर त्या 18 स्लाइड आणि त्या तीन ईमेलची शब्दरचना आजही माझी आहे. कल्पनेवर हक्क सांगता येत नाही हे खरं, आणि तीन ईमेलांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार हेही खरं. पण प्रत्येक स्लाइडच्या तळाला ‘फक्त निवड प्रक्रियेसाठी’ अशी ओळ आणि आपलं नाव टाकायला काही खर्च नाही. मी आता टाकतो, आणि पीडीएफच पाठवतो.

आता शांततेबद्दल, आणि इथे मला माझीही एक गोष्ट सांगायला हवी. 2023 च्या सुरुवातीला मी एका छोट्या टीमचा लीड होतो. तीन जागा भरायच्या होत्या. दोन भरल्या. तिसऱ्यासाठी बार्शीचा एक मुलगा आवडला होता, इंग्रजी जरा अडखळत, पण फोनवर माणसाचं ऐकून घेण्याची त्याला उपजत समज होती. मी त्याला तोंडी ‘जवळजवळ झालंय’ म्हणून बसलो. तो काळ स्टार्टअपांचा पैसा आटण्याचा. वरून निरोप आला, भरती थांबवा, पण बाहेर सांगू नका, पुढच्या तिमाहीत बघू. त्या मुलाचा मेसेज आला, ‘सर, काही अपडेट?’ मी म्हटलं, उद्या नीट फोन करून सांगू. दुसरा आला. तिसरा आला, त्यात त्याने ‘सर, माझ्याकडून काही चुकलं का?’ असं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दुष्टपणा नव्हता, लाज होती. सांगायला माझ्याकडे हो नव्हतं, आणि नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

त्यामुळे एचआरच्या पोरींना खलनायक ठरवणाऱ्यांत मी नाही. त्या बिचाऱ्यांना आठवड्याला किती प्रोफाइल पुढे सरकवले आणि महिन्याला किती जण रुजू झाले यावर मोजतात. किती जणांना वेळेत ‘नाही’ कळवलं याचा रकाना कुणाच्याच एक्सेलमध्ये नसतो. त्यात नव्वद दिवसांच्या नोटिशीने आणखी गाठ मारून ठेवलीय. आपल्याकडे आयटीत तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते. आज ऑफर दिलेला माणूस तीन महिन्यांनी येणार, आणि त्या तीन महिन्यांत तो तीच ऑफर हातात धरून आणखी दोन ठिकाणी भाव वाढवून घेणार. हे उमेदवार करतात. मी केलंय. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसणारे माझ्या माहितीत चार जण आहेत. मग कंपनी काय करते? एकाला ऑफर देते आणि खालच्या दोघांना ‘वॉर्म’ ठेवते. पहिला आला नाही तर दुसरा हाताशी हवा. ‘वॉर्म’ ठेवायचं म्हणजे नाही म्हणायचं नाही. आणि उमेदवाराला हे ठाऊक असल्यामुळे तोही चार ठिकाणी तवे गरम ठेवतो. दोन्ही बाजू एकमेकांच्या भीतीने एकमेकांना फसवतायत, आणि पहिल्यांदा खरं बोलेल त्याचं नुकसान आहे.

जुन्या पद्धतीने लग्नं जमवणाऱ्यांनी यावर एक तोड काढली होती. कांदेपोहे खाऊन पाहुणे उठायचे आणि ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणायचे. आणि कळवायचे. पसंत नसेल तर ‘पत्रिका जुळत नाही’ असं. ते बहुतेक वेळा साफ खोटं असायचं, मुलीकडच्यांनाही ते कळायचं, पण त्या खोट्यात एक माणुसकी होती की तुमचं स्थळ आमच्यासाठी थांबवू नका, पुढचं बघा. त्या पद्धतीत दुसरं काही घेण्यासारखं नाही. मुलीला चालून दाखवायला लावणाऱ्यांची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. पण आजच्या भरतीला तेवढं पत्रिकेचं खोटंसुद्धा जड झालंय.

विक्रीच्या नोकरीत पगाराचा आकडा लपवणं तर दुप्पट लपवणं असतं. जाहिरातीत किंवा शेवटच्या फेरीत जो आकडा कळतो तो ओटीईचा, म्हणजे टार्गेट पुरं केलं तर हातात येऊ शकणारी रक्कम. समजा 24 लाख. त्यातले 12 निश्चित, 12 टार्गेटवर. आता ते 12 खरे किती, हे एकाच गोष्टीवर ठरतं. गेल्या वर्षी या टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? दहांतल्या सातांनी गाठलं असेल तर तो पगार आहे. दहांतल्या एकानेच गाठलं असेल तर ती लॉटरी आहे, आणि तिकिटाचे पैसे तुमच्याच पगारातून कापलेत. हा प्रश्न मी संस्थापकांना विचारला. ते म्हणाले, ‘आमचे टॉप परफॉर्मर ओटीईच्या दुप्पट कमावतात.’ मी पुन्हा विचारलं, किती जण? ते म्हणाले, ‘मला असे लोक आवडतात ज्यांचा स्वतःवर विश्वास आहे.’ सॉफ्टवेअर विकताना मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं तर माझं रेकॉर्डिंग ट्रेनिंगमध्ये ‘काय करू नये’ म्हणून वाजवलं असतं.

आणि आपला आकडा लपवणारे हेच लोक उमेदवाराच्या पगाराच्या स्लिपा मात्र ऑफरच्या आधी मागतात. जुना पगार कळला की त्यावर 20-30 टक्के चढवायचे आणि विषय मिटवायचा. म्हणजे ज्याला पहिल्या नोकरीत कमी मिळालं, किंवा जी बाळंतपणानंतर मिळेल त्या पगारावर परत आली, तिला ते कमीपण जन्मभर पुढे न्यायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी केली. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशातही ती बंदी आहे, शिवाय पगार काय असेल ते मुलाखतीच्या आधीच सांगण्याचं बंधन. त्यासाठी सदस्य देशांना मुदत दिली ती 7 जून 2026 ची. गंमत अशी की पुण्यात बसून त्या देशांना सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तिथे माणूस घेताना हे नियम पाळते, आणि बाणेरच्या ऑफिसात माणूस घेताना तिला ते आठवत नाहीत.

आपल्याकडचा कायदा उमेदवाराला जवळजवळ ओळखतच नाही. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण 1959 सालच्या एका कायद्याने 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही आपल्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. आमच्या वडिलांच्या पिढीने तिथे रांगेत उभं राहून कार्ड काढलं. पण जागा कळवायची सक्ती, तिथूनच माणूस घ्यायची नाही. कायद्यात एवढी पळवाट असल्यावर कार्ड ट्रंकेतच पिवळं पडलं. 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतही बाई म्हणून डावलू नका असं सांगितलं. हे दोन्ही कायदे आता नव्या श्रम संहितांमध्ये गेलेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आलं, हे चांगलंच झालं. औषध कंपन्यांच्या एमआरना लेखी नेमणूकपत्राचा हक्क 1976 पासूनच होता. पण ही सगळी चर्चा नेमणुकीपासून पुढची. नेमणुकीच्या आधीचे सात आठवडे, ज्यात माणूस रजा टाकतो, आजारी असल्याचं खोटं सांगतो, दोन रात्री जागून दुसऱ्याचं काम करतो, त्यावर कायद्यात अवाक्षर नाही.

करता येतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने करून दाखवलंय. 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहीर जाहिरात दिली तर तिच्यात पगाराचा पल्ला लिहायचा, जागा खरंच रिकामी आहे की नाही ते लिहायचं, अर्ज चाळायला एआय वापरत असाल तर तेही लिहायचं. आणि ज्याची मुलाखत घेतली त्याला शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत निर्णय झाला का ते कळवायचं. एवढंच. कुणाला घ्या, कुणाला घेऊ नका, यात सरकार हात घालत नाही. महाराष्ट्राकडे 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात अशी दोन कलमं बसवायला नवी इमारत बांधावी लागणार नाही. 45 दिवससुद्धा मला जास्त वाटतात, आपल्याकडे 30 पुरेत.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे. एका जाहिरातीला हजार अर्ज येतात, त्यातले निम्मे एआयने लिहिलेले, सगळ्यांना काय पत्रं पाठवत बसायचं? नाही. ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाच. ते हजार नसतात, वीस-पंचवीस असतात, आणि त्यांच्यासाठी वेळ काढता आला तर निरोपासाठीही काढता येतो. दुसरा आक्षेप जरा खरा आहे. छोट्या कंपनीचं चित्र दर महिन्याला बदलतं, जागा सुरू असताना पैसे संपतात. मान्य. मग तसं सांगा. त्या बार्शीच्या मुलाला मी ‘पैसे थांबलेत, तुझं काही चुकलं नाही’ एवढं सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? कायदा असता तर मी वरच्यांना म्हणू शकलो असतो की साहेब, कळवावंच लागतं. कधीकधी नियमाचा उपयोग दंडासाठी नसतो, चांगलं वागायला निमित्त हवं असतं त्यासाठी असतो. पगाराचा आकडा जाहीर केला तर आतले कर्मचारी चिडतील, हा तिसरा आक्षेप. चिडू देत. नव्या माणसाला जास्त देऊन जुन्याला कमी ठेवलंय हेच तर त्यातून बाहेर येईल.

अर्ध्या दिवसाहून जास्तीची असाइनमेंट, म्हणजे तीन-चार तासांपलीकडचं काहीही, पैसे देऊन करून घ्यावी हे मात्र कायद्याने जमेल असं मला वाटत नाही. तास कोण मोजणार? ते उमेदवारांनीच नाकारायला हवं, आणि नाकारायची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. पहिली नोकरी शोधणारी मुलगी नाही म्हणू शकत नाही. दहा वर्षं विक्रीत घालवलेल्या माझ्यासारख्याने नाही म्हणायलाच हवं. आम्ही दिवसभर अनोळखी माणसांना बजेट विचारतो, नोकरीच्या वेळीच आमची जीभ का अडखळते?

गेल्या महिन्यात असाच एक फोन आला. सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती. मी विचारलं, तुमचं बजेट काय, शेवटचा निर्णय कोण घेणार, किती फेऱ्या, आणि कधीपर्यंत. पलीकडची मुलगी थबकली. म्हणाली, ‘सर, आकडा कॉन्फिडेन्शियल आहे.’ मी म्हटलं, ‘काही हरकत नाही, सांगता येईल तेव्हा फोन करा.’ मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी तिचाच फोन. मॅनेजरला विचारून आली होती. फेऱ्या चार, निर्णय दिल्लीच्या ऑफिसात, तीन आठवडे, आणि आकडा मी आत्ता घेतो त्याच्यापेक्षा दीड लाखाने कमी. मी थँक यू म्हटलं, तिनेही म्हटलं. दोन्ही फोन मिळून अकरा मिनिटं झाली होती.